पोवळा साप कोणी आणला

औरंगाबाद,
ता. ९ फेब्रुवारी १९६६

तीर्थरूप मुंजाबाकाका,

मल्हारचा पायांवर माथा ठेवून नमस्कार. इथं सगळे बरे आहोत. तुमच्या सूनबाईनं, चतुरानं, गुलमंडीवरून काकूसाठी लुगडं आणून ठेवलंय. मेंढरांचे खूर बरे झाले का?

पाच वर्षांपूर्वी, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवा लागलो तेव्हा, तुम्ही किटलीत घालून एक साप आणला होता. काडीएवढा, तपकिरी, काळ्या डोक्याचा. मी सगळ्यांसमोर सांगितलं, हा बिनविषारी वाळा. एका विद्यार्थिनीनं तो तळहातावर घेतला. त्यानं शेपूट वर वळवलं, तसं तुम्ही तिच्या हाताला फटका मारून तो खाली पाडलात. "पोवळा हाय त्यो, लेकी. इखारी हाय." मुलं हसली. मुलीवर हात टाकला म्हणून सरांनी तुम्हाला बाहेर काढलं. पुढं तो साप बाटलीत ठेवताना मी चिठ्ठीवर 'वाळा' लिहिलं.

परवा मुंबईहून सापांचे एक अभ्यासक आले. त्यांनी ती बाटली उघडली. भिंगाखाली खवल्यांच्या ओळी मोजल्या, तेरा भरल्या. वरच्या जबड्यात पुढंच दोन बारीक विषदंत होते. म्हणाले, "हा पोवळा. नाग-मण्यारीच्या कुळातला. फार कमी लोकांनी पाहिलेला असतो. कोणी आणला?"

काका, त्या दिवशी सरांनीही विचारलं होतं, "मल्हारराव, हा माणूस कोण?" तुम्ही तेव्हा दारापर्यंत पोचला होतात. मी म्हणालो, "ओळखीचा नाही. असेल कुणी मेंढपाळ."

आई-दादा गेल्यावर तुम्हीच मला खांद्यावर बसवून शाळेत नेत होतात. सापाचं मला खरंच कळलं नव्हतं. तुम्ही कोण, ते चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर तुम्ही शहरात आला नाहीत. मी कधी कारण विचारलं नाही, कारण तुम्ही ऐकलं असेल याची भीती वाटायची.

या वेळी मी सरांसमोरच सांगितलं, "माझ्या चुलत्यांनी आणला. करमाडचे मुंजाबा. त्यांनी तेव्हाच ओळखला होता." मी चिठ्ठी बदलली आणि नोंदवहीत तुमचं नाव घातलं.

हे पत्र बद्रीनाथ मास्तर पारावर मोठ्यानं वाचतील, ते जाणूनच लिहितोय. चारचौघांत ऐकू द्या. रविवारी येतो. तोंड बघायचं नसेल तर मेंढरं घेऊन लांब निघून जा. मी सांजेपर्यंत वाट बघेन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुमच्या भावाचा मुलगा,
मल्हार