करारनाम्याशिवाय पॅच नाही

३ मार्च, होहोए
आजपासून शिस्त. माझ्या एवे भाषेच्या कीबोर्डच्या पॅकेजमध्ये कुणाचाही पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, घेण्याआधी करारनामा. त्याची सही, तो जिथे नोकरी करतो त्या मालकाची सही. चौदा पानं, मीच लिहिली. मोठे प्रकल्प असंच करतात. सह्या तपासायला बॉट बसवला. पुढे माझंच मन विरघळू नये म्हणून तो काढायचा अधिकारही सोडून दिला.

५ मार्च
नव्या आवृत्तीत शेवटची कळ मेली. ज्या लिनक्सवाल्या मंडळींकडून पॅकेज सगळ्यांना मिळतं, त्यांचा निरोप: वीस तारखेपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू. नऊ वर्षांचं काम! असो. घाबरण्यासारखं काही नाही.

६ मार्च
क्पांदोच्या शाळेतल्या जीफाबाईंनी पॅच पाठवला. कोडमध्ये एकच चिन्ह राहिलं होतं. हुशार बाई. करारनामा पाठवला.

९ मार्च
बाई म्हणतात, अहो काका, एका चिन्हाला चौदा पानं? माझा मालक म्हणजे सरकार, सहीसाठी काय राजधानीत, अक्राला जाऊ?
नियम म्हणजे नियम.

११ मार्च
मीच दुरुस्त करतो. पण बाईंचा पॅच बघून बसलोय. तेच चिन्ह घातलं तर चोरी. कलम नऊ, लेखक मीच. वेगळ्या पद्धतीनं लिहीन.

१४ मार्च
सहा पद्धती झाल्या. आता दोन कळा मेल्यात. बायको, अक्पेने, म्हणाली, स्वतःच कुलूप लावायचं, किल्ली विहिरीत टाकायची आणि मग दाराला शिव्या घालायच्या! तिला कायद्यातलं काय कळतं? कोर्टात कारकून आहे, पण तेवढ्यानं काय होतं.

१७ मार्च
धाडसी निर्णय: नियमच रद्द. त्याला मोठं मन लागतं.
४:१० – तो बदलही बॉटनं नाकारला. कारण: सेलोर्म यांनी करारनामा भरलेला नाही. सेलोर्म म्हणजे मीच!
४:३० – भरला. मालकाची सही हवी, म्हणून ऑफिसात साहेबांकडे नेला. म्हणाले, चौदा पानं? वकील बघतील. वकील ईस्टरनंतर येणार.

२० मार्च
शेवटचा दिवस. अक्पेनेनं चौदा पानं बाजूला सारून भेंडीचं सूप पुढ्यात ठेवलं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२१ मार्च
सकाळी त्यांनी माझं पॅकेज काढून टाकलं. दुपारी तेच पॅकेज परत आलं, आता सांभाळणार जीफाबाई. कुणीही घ्यावं, असा खुला परवाना मीच ठेवला होता. बॉट नाही, करारनामा नाही, सगळ्या कळा चालतात.
माहितीच्या पानावर मूळ लेखकाचं, म्हणजे माझं, नाव नव्हतं. मीच तेवढी ओळ लिहून पाठवली. दोन मिनिटांत घेतली. खाली बाईंनी लिहिलंय: काका, या पॅकेजला तुमचा हा पहिला पॅच, अभिनंदन! असेच पाठवत जा.
सही मागितलीसुद्धा नाही.