जाधवानं धरलेला माणूस
देवळाली प्रवरा, मंगळवार, जानेवारी १९७२

जातीय दंगलीत दुकानं पेटवून फरार झालेला माणूस आज ऊसतोड्यांच्या टोळीत सापडला. धरला जाधवानं. माझ्याच बरोबरीचा हवालदार, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

म्हणे, साऱ्या टोळीत एकाच्याच हाताला फडकं होतं. सोडून बघितलं तर ताजे फोड, कोयत्याचे घट्टे नाहीत. एवढंच? हे तर कुणालाही दिसलं असतं.

घरी आलो तर बायको म्हणते, "जाधवभाऊजी लई हुशार हायेत." मला जेवण गेलं नाही.

ते फडकं डोळ्यांपुढून हलत नाही. काल त्याच टोळीत चौकशीला मी गेलो होतो. त्याच्या हाताचे फोड बघून मला कीव आली. मीच त्याला म्हणालो, "नवा दिसतोस. फडकं बांध हाताला."