फुंकणी आणि सहा अंगठे

बजाजनगर, औरंगाबाद
ता. १२ नोव्हेंबर १९९९

ती. आजीस अंबिकाचा सा. न. वि. वि.

पत्र अंगणवाडीच्या द्वारकाबाई वाचून दाखवतील, त्यांनाही नमस्कार. तू दर वेळी विचारतेस, वाळूजच्या प्रयोगशाळेत मी करते तरी काय. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. ते सैल करणारं औषध आजही मिळतं, पण चार-पाच तासांत त्याचा जोर ओसरतो. आम्ही त्या औषधाच्या रेणूला लांब शेपूट जोडून पाहतोय. म्हणजे ते आपल्या जागी चिकटून राहील आणि सकाळी एकदा घेतलं की दिवसभर पुरेल. छाती धडधडू न देता हे साधायचं, तिथंच घोडं अडलंय. शिवाय त्याची पूड जाड राहिली तर घशातच बसते, फार बारीक झाली तर फुफ्फुसात टिकत नाही. तुझ्या उपणण्यासारखंच, वारा आणि दाणा दोन्ही जमावे लागतात.

सोबत अशी पूड तोंडानं घ्यायच्या सहा नळ्या पाठवतेय. आत औषध नाही, नुसती दुधातली साखर आहे. कसं वापरायचं ते छापील कागदावर आहे. तू आणि आणखी पाच जणींनी वापरून पाहा आणि जमलं तर फॉर्मवर अंगठे उठवा. आमचे श्रीधरसर स्वतः बघायला येतो म्हणत होते. मी म्हटलं, रस्ता खराब आहे, मीच मागवून घेते.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी अंबिका

देवगाव रंगारी
ता. २४ नोव्हेंबर १९९९

चि. अंबिकास आजीचे पोटभर आशीर्वाद.

सांगणारी मी, लिहिणारी द्वारकाबाई. तिरकं वाटलं तर माझं, अशुद्ध वाटलं तर तिचं.

औषधाला शेपूट लावताय म्हणे! लग्नाचं विचारलं तर वेळ नाय म्हणतीस, अन् तिथं शेपट्या जोडीत बसतीस. पण लवकर जोड बाई. माझी छाती सध्या जुन्या बाजेसारखी कुरकुरती.

तुझ्या नळ्या पोचल्या. भागूबाई, साळूबाई, सरूबाई, लक्ष्मीबाई अन् पुंजारामची आई, साऱ्या माझ्या चुलीपाशी जमवल्या. तो छापील कागद मी भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. म्हटलं, नात माझी बनवती, मला कागद कशाला? एकदा करून दाखवलं, लगेच साऱ्यांना जमलं. भागूबाईला तर असं जोरात जमलं, की समोर बसलेल्या साळूबाईला पांढऱ्या मिशा फुटल्या. दोन दिवस तिला आम्ही आजोबाच म्हणतोय.

सहाही अंगठे पाठवलेत. सगळ्यात वरचा माझा.

जीवाला जप, अन् म्हातारीची आठवण बुजू देऊ नको.
तुझी आजी

बजाजनगर
ता. १० जानेवारी २०००

ती. आजीस सा. न. वि. वि.

सहापैकी सहा! माझ्या अहवालात लिहिलंय, की न शिकलेल्या वयस्क बायकांनाही ही नळी सहज जमते. सरांनी नेमकी त्याच ओळीखाली रेघ मारली. नव्या औषधासाठी हीच नळी ठरतेय, पुढच्या महिन्यात साचे बनतील.

एक काळजी आहे. तात्या लिहितात, तू विहिरीपर्यंतही न थांबता जात नाहीस. गुलमंडीजवळच्या डॉक्टरांनी दसऱ्याला दिलेलं औषध चांगलं आहे, नळीही जवळजवळ आमच्या नळीसारखीच. मग गुण का नाही? तात्यांबरोबर पुन्हा जा आणि कसं घेतेस ते डॉक्टरांना करून दाखव.

रागावलीस तरी चालेल, पण जा.
अंबिका

देवगाव रंगारी
ता. २२ जानेवारी २०००

चि. अंबिकास आशीर्वाद.

हे पत्र सांगायला मला चार दिवस लागले. द्वारकाबाई दोनदा येऊन तशीच माघारी गेली.

तात्यानं, तुझ्या बापानं, मला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, आजी, घेऊन दाखवा. मी नळी तोंडाला लावली अन् साठ वर्षं चुलीत फुंकणी फुंकली तशी मारली फुंकर. त्याच्या टेबलावरचे कागद पांढरे झाले. तो हसला नाय. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, हे आत ओढायचं असतं. दसऱ्यालाच तो सांगाया लागला होता, पण मीच त्याला थांबवलं होतं. कुणाची आजी आहे ते ऐकवलं होतं.

म्हंजे तवापासून मी औषध भिंतीला पाजतेय. अन् त्या पाच जणींना शिकवलं कुणी? मीच. साळूबाईच्या मिशा त्या फुंकरीच्याच. सरूबाईला तर खरोखरचा दमा हाय. उद्या तुझं शेपटीवालं औषध आलं अन् तीबी फुंकीत बसली, मग? मी घरोघर जाऊन सांगितलं. भागूबाई लई हसली. लक्ष्मीबाईनं नळी पुसून माझ्या हातात परत दिली, ते जास्त लागलं.

अक्षर येत नाय याची लाज मी कवाच सोडली. पण द्वारकाबाई हाकेवर असताना कागद देवळीत दडपला, कारण पाच जणींसमोर वाचून दाखव म्हणायचं नव्हतं. त्या वरच्या अंगठ्याची मला लाज वाटती, पोरी. तो मला परत दे. साहेबाला खरं सांग.

एवढं ऐकूनही आजी म्हणशील ना?

बजाजनगर
ता. ३१ जानेवारी २०००

ती. आजी,

मायन्यात काय लिहावं ते सुचत नाही.

तुझं नोव्हेंबरचं पत्र पुन्हा काढलं. मिशा त्यात होत्याच. तेव्हा मी ते मैत्रिणींना वाचून दाखवलं, पोट धरून हसले आणि लगेच सहापैकी सहा लिहून टाकलं. पूड कुठं जाते हे बघण्याचाच मला पगार मिळतो. मला ती बाहेर उडालेली दिसली नाही.

आणि रस्ता. तो गेल्याच वर्षी डांबरी झालाय, तुलाही ठाऊक आहे. सर तुझ्या स्वयंपाकघरात बसावेत, धूर बघावा, तू राखेत थुंकताना बघावं, हे मला नको होतं. माझ्या टेबलासमोर फुफ्फुसांची मोठी तसबीर आहे. घरच्या फुफ्फुसांची मात्र मला लाज वाटली. तुझ्या अंगठ्यापेक्षा माझी सही जास्त खोटी होती.

आज भर बैठकीत सगळं सांगून अहवाल मागं घेतला. सरांनी ती रेघ मारलेली ओळ खोडली. साचे थांबलेत. आता आत ओढलं तरच शिटी वाजेल अशी नळी करून बघायची म्हणतात. सर स्वतः येणार आहेत. त्यांना घेऊन येऊ का?

माफ केलंस तर कळव, नाही केलंस तरी कळव.
अंबिका

देवगाव रंगारी
ता. ७ फेब्रुवारी २०००

चि. अंबीस आशीर्वाद.

रस्त्याचं मला तवाच कळलं होतं. तुझ्या बापाच्या लग्नात मीबी माझ्या आईला मागच्या खोलीत बसवलं होतं, तिला असाच दम लागायचा. आता कुणी कुणाला माफ करायचं?

या दोघं. मी चूल सारवणार नाय अन् इझवणारबी नाय. साहेबाला चुलीपाशीच पाट देईन. खोकला आला तर खोकू दे माझ्यासंगं.

मी आता ओढाया शिकले. काल विहिरीपर्यंत न थांबता गेले, येताना एकदाच बसले. शिटीचं ऐकून साळूबाई विचारती, गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या शिट्या मारीत हिंडल्या तर पोरीबाळींनी तोंड कुठं लपवायचं?

नवा फॉर्म आण. पण अंगठा आधी नाय. आधी सहाही जणी तुमच्या डोळ्यांसमोर ओढून दाखवू. जिला जमणार नाय तिची जागा कोरी ठेव, माझी असली तरी.

वाट बघतेय.
तुझी आजी