हौदातल्या मामलेदाराची सोय

मी, यशोदाबाई भ्रतार कै. दिगंबर वळसंगकर, वय वर्षे अठ्ठावन्न, मुलींच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणार उत्तर कसबा, सोलापूर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी सांगितले म्हणून नव्हे आणि कोणाच्या धाकाने तर नव्हेच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. शुद्धीची खात्री डॉक्टर चनमल्लप्पा हत्तुरे यांनी आत्ताच करून घेतली. त्यांनी वार विचारला, तिथी विचारली, मग आपला बादशहा कोण ते विचारले. मी म्हटले, "डॉक्टर, तो गेल्याच आठवड्यात बदलला. तुम्हाला नवा पाठ झालाय का, ते आधी सांगा." त्यावर त्यांनी पुढचे प्रश्न सोडून दिले.

कलम १. गेल्या वर्षी आषाढात मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यातले चौथे कलम तर विशेषच रद्द समजावे. माझे दीर एकनाथ यांच्याविषयी त्यात जे शब्द होते ते वकिलांनाही जड गेले होते. "बाई, हे ठेवायचंच का?" असे त्यांनी विचारले आणि मी "ठेवायचंच" म्हटले होते. तो कागद मी परवा स्वतः चुलीत घातला. त्यावर पाणी तापवून आंघोळ केली. बरे वाटले.

कलम २. राहते घर दिरांचे आहे. त्यात मला राहण्यापुरता हक्क होता, तो माझ्याबरोबर संपेल. मागची खोली आणि अंगणातला दगडी हौद मात्र मी माझ्या पगारातून बांधला आहे. खोली मी पुतण्या नंदूची बायको प्रभा हिला देते. खोलीला आतून कडी आहे, ती काढू नये. बाईमाणसाला घटकाभर दार लावून वाचत बसता आले पाहिजे. पोस्टातली शिल्लकही प्रभाचीच. तिने त्यातून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा द्यावी. नंदू भला मुलगा आहे, हरकत घेणार नाही. घेतलीच तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ३. शेजारच्या बजाबाईंनी माझा पाटा नेला तो नेलाच. मागितला की "देते की, पळून चाललाय व्हय?" म्हणतात. वरवंटा माझ्याकडे नुसता बसून आहे. तोही आता त्यांनाच द्यावा. या बाबतीत माझा राग संपला, असे त्यांना कळवावे. पण वरवंटा हातात दिल्यावर कळवावे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. हौदात माझे कासव आहे. आळीतले लोक त्याला कूर्मदेव म्हणतात. मी त्याला मामलेदार म्हणते, कारण मान बाहेर काढून चौफेर पाहायचे आणि काही न करता पुन्हा आत घ्यायची, हा त्याचा दिनक्रम आहे.

शाळेत मुलींना जिवंत प्राणी समोर ठेवून वस्तुपाठ द्यायचा म्हणून मी ते कंबर तलावावरच्या कोंडीबा भोयाकडून घेतले. त्याच्या पाटीत चार-पाच होती. एक अगदी गरीब, हलेना डुलेना. कोंडीबा म्हणाला, "ह्ये न्या बाई, लई शांत हाय." मी ते घेतले नाही. शांत मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. निम्म्यांना ताप असतो. उचलल्याबरोबर ज्याने चारी पाय झाडले, ज्याचे डोळे स्वच्छ होते आणि पाठ दाबून दबली नाही, ते मी उचलले. पुढे कोणाला कासव घ्यायचेच झाले तर असेच पाहून घ्यावे.

वर्गातला पाठ झाल्यावर शाळेने ते ठेवून घेतले नाही, म्हणून घरी आले. एकनाथभाऊजी देवळातले पुजारी. त्यांनी पाहताक्षणी हात जोडले आणि म्हणाले, "साक्षात कूर्मावतार आलाय घरी. हा नैवेद्यावरच राहील." मी शाळेत नोकरी धरली तेव्हा हेच भाऊजी वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. नुकतेच बोलू लागले होते, म्हणून मी वाद घातला नाही. रोज दूधभात सुरू झाला. थंडी सरेपर्यंत मामलेदाराचे डोळे सुजून मिटले आणि पाठ भिजल्या पापडासारखी मऊ लागू लागली. मला वाटले, हे आता जाणार. तेवढ्यात एके दिवशी एक झुरळ हौदात पडले, आणि त्या आंधळ्याने ते असे मटकावले की मला सगळा उलगडा झाला.

पण उलगडा होऊन करते काय? मी सोवळ्यातली विधवा बाई, घर पुजाऱ्याचे. मी मासळीबाजारात उभी राहिले असते तर शाळाही गेली असती आणि घरही. शेवटी मागच्या गल्लीतल्या विणकरांच्या रत्नम्माला विश्वासात घेतले. ती लहान मासे पदराखाली आणी, आणि मिळाले नाहीत तेव्हासाठी सुकट आणून ठेवी. सुकट मी एका डब्यात भरली आणि त्यावर 'शिकेकाई' अशी चिठ्ठी चिकटवली. तीस सालच्या लष्करी कायद्याच्या दिवसांत बाजार बंद पडला तेव्हा अळूच्या वाफ्यातली गांडुळे काढून घातली, पण मामलेदाराला उपाशी ठेवले नाही. पाठ टणक झाली, डोळे उघडले. भाऊजी आळीभर सांगत सुटले, "आमचा कूर्मदेव तुळशीचं पान आणि नैवेद्य, याखेरीज काही घेत नाही." लोक दर्शनाला येऊ लागले. मी आतून दात-ओठ खात ऐकत असे.

मला एकच घोर होता. माझ्या मागे हौद भाऊजींच्या हातात जाणार, दूधभात पुन्हा सुरू होणार, आणि हे मुके जनावर भक्तीने मरणार. म्हणून आषाढातल्या त्या कागदात मी कासव रत्नम्माला दिले होते आणि भाऊजींनी हौदाला हात लावू नये असे लिहिले होते. आणखीही काही लिहिले होते, ते जळाले.

यंदा भाद्रपदात मला विषमज्वर झाला. मला इस्पितळात नेले तेव्हा रत्नम्मा आईच्या दुखण्यासाठी तेलंगणात गेलेली होती. महिनाभर मी तिथल्या खाटेवर पडून होते. ताप उतरला तशी एकच धास्ती राहिली, की घरी गेल्यावर काय पाहावे लागेल. टांग्यातून उतरले ती भिंत धरत धरत हौदापाशीच गेले.

मामलेदार दगडावर ऊन खात बसला होता. डोळे स्वच्छ, मान जाड. माझ्यापेक्षा त्याचीच तब्येत चांगली होती.

प्रभाला विचारले, "याला काय घातलंस गं?"

ती म्हणाली, "मला नका विचारू काकू. मामंजींना विचारा."

भाऊजी तुळशीपाशी जानव्याशी चाळा करत उभे होते. म्हणाले, "डब्याला हात लावायचा धीर होईना, म्हणून पहिले दोन दिवस दूधभात ठेवला, वहिनी. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग तुमचा शिकेकाईचा डबा काढला."

मी म्हटले, "तुम्हाला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? नंदूची आई तर आधीच गेलेली, तुम्ही केशवपन केलेलं. प्रभा यायच्या आधी केस धुणारी बाईच नव्हती की घरात. शिकेकाई कुणासाठी आणत होता?"

इतकी वर्षे मी मुलींना शिकवले, आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुजारी म्हणून मला ते बंद करावं लागलं असतं," भाऊजी म्हणाले. "आणि ते मेलं असतं. म्हणून आळीत नैवेद्याचं सांगत राहिलो. म्हणजे दुसरा कुणी डबा हुंगायला येणार नाही."

डब्यातली सुकट संपल्यावर हे गृहस्थ पहाटे तलावावर गेले. कोंडीबाने विचारले, "भटजीबुवा, कालवण कराया शिकलासा का काय?" ते खाली मान घालून म्हणाले, "कासवाला पाहिजे." फुलांच्या परडीत केळीच्या पानाखाली मासे घालून आणले, हौदावर बसून स्वतः भरवले आणि मग विहिरीवर जाऊन आंघोळ केली. हे रोज. देवाच्या फुलांना त्यांनी दुसरी परडी घेतली. मी हौदाच्या काठावर बसून हसले आणि नंतर रडलेही. ज्या माणसावर मी जन्मभर दात धरला तो जन्मभर माझीच बाजू राखत होता, हे कळले म्हणून रडले. सुख झाले म्हणूनही रडले.

तेव्हा कासव, हौद, डबा आणि ती पहिली परडी मी एकनाथभाऊजींना देते. त्यांच्या मागे प्रभाने पाहावे. रत्नम्माला माझे तांब्याचे घंगाळ द्यावे. बदल तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं अक्का. आमच्या हातमागाच्या खड्ड्यात पडलं असतं ते, आणि मला जन्माची हाय लागली असती."

भाऊजींना सूचना: खाणे हौदात टाकू नये. मामलेदाराला वेगळ्या घमेल्यात काढून भरवावे, म्हणजे हौदाचे पाणी नासत नाही. लहान मासे काट्यांसकट द्यावेत, पाठ त्यानेच टणक राहते. पाण्याबाहेरचा दगड हलवू नये. ऊन मिळाले पाहिजे आणि अंग कोरडे झाले पाहिजे. वैशाखात अर्ध्या हौदावर तट्ट्या टाकाव्यात. पौषात तो खाणे सोडतो, तेव्हा घाबरून दूधभात पुढे करू नये. पाठीवर हळदकुंकू कोणाला लावू देऊ नये, आणि हौदात पैसे टाकणाऱ्याला पैसे काढायला लावावेत. माझ्या सुतकात देवपूजा बंद राहील, मासे बंद राहू नयेत.

भाऊजींना हे सगळे वाचून दाखवले आहे. आळीत कळेल त्याचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "लिहा. साठी उलटली, आता कुणाला भिऊ?" ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष घालू नये असे वकील म्हणतात, म्हणून ते बाहेर ओसरीवर बसले आहेत.

कलम ५ व शेवटचे. माझे दिवस भाऊजींनी व नंदूने करावेत. दहाव्याला कावळा पिंडाला लवकर शिवला नाही, तर जमलेले लोक मेलेल्याची इच्छा कशात राहिली ते हुडकू लागतात. कोणीतरी नक्की हात जोडून म्हणेल, "यशोदाकाकू, तुमच्या कासवाला सांभाळू." तसे कोणी म्हणू नये. माझी काही इच्छा राहिलेली नाही. कावळा आला नाही तर त्याला भूक नाही एवढेच समजावे, दर्भाचा कावळा करून शिववावा, आणि भाऊजींना लवकर मोकळे करावे. त्यांना तिथून तलावावर जायचे असेल.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, मनासारखे झाले म्हणून सही करते.

सही: यशोदाबाई दिगंबर वळसंगकर

लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार:
१. डॉ. चनमल्लप्पा सिद्रामप्पा हत्तुरे
२. हरिबा रामजी माने, शाळेचे माजी शिपाई

मुक्काम सोलापूर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५८, शुक्रवार, तारीख १८ डिसेंबर १९३६.