नांगर कोणी धरला

बाबा, तू गेल्यावर आपल्या शेतात कॅमेरा येऊन गेला. पोशेऱ्याच्या रस्त्याला एवढी शेतं असताना आपलंच का निवडलं, हे मी व्हिडिओ काढायला आलेल्या संस्थेच्या ताईंना दोनदा विचारलं. "रस्ता जवळ आहे दादा, आणि तुमची बायको छान बोलते," असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. एवढ्या लांब फुकट गाडी घेऊन कोण येतं? बाईनं नांगर धरला तर पाऊस उघडतो, ही समजूत मोडायची म्हणून त्यांना माझी बायको नांगरताना दाखवायची होती. व्हिडिओ मोबाईलवरून गावोगाव फिरणार होता. त्यांचं संमतीपत्र मी तीन वेळा वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका पेनानं सुधारल्या आणि सही न करता परत दिलं. तू मला नववीतून काढून कामाला लावलंस, पण तेवढी सवय राहिली आहे.

माझी भीती साधी होती. गाडी निघून जाईल, आम्ही इथेच राहू. चार दिवस ऊन पडलं तर सगळा पाडा माझ्या बायकोला दोषी धरेल. शेजारचा आजा म्हणालाच, "पाऊस उघडला त तुझ्या दारात येऊन बसू." बायको चुलीपुढून ओरडली, "आजा, येताना भाकर घेऊन ये! मी नांगरावर असन, इथं रांधायला कोणी नसल." म्हातारा हसला. मी हसलो नाही. मी सही करणार नाही, असं तिला सरळ सांगितलं. ती म्हणाली, "तुझी सही मागतंय कोण? कागद माझ्या नावाचा हाय." खरंच तिच्या नावाचा होता. तीन वेळा वाचून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी मला तुझा ताप आठवला. तू घोंगडी घेऊन पडला आहेस, चिखलणी अर्धी राहिली आहे, मागून आणलेले बैल दुसऱ्या दिवशी परत द्यायचे आहेत. आई पहाटे धुक्यात जाते आणि उरलेलं शेत नांगरून येते. उजाडल्यावर लोक येतात. "तापात उठून नांगरलास? गडी खरा!" असं तुला म्हणतात. तू नाही म्हणत नाहीस. आई पायाचा चिखल धुऊन सगळ्यांना कोरा चहा देते. मी नंतर विचारलं तेव्हा तू डाफरलास, "गप बस. लोकांनी तिला धरावी का?" तू तिला वाचवत होतास की शाबासकी घेत होतास, ते मला अजून कळलेलं नाही. माझा संशय शाबासकीवर जास्त आहे, कारण लोक गेल्यावरही तू आईला काही बोलला नाहीस.

बायकोनं सही केली आणि दोन खाचरं नांगरली. पुढे दोन दिवस उघडीप पडली. मी सारखा आभाळाकडे आणि आज्याच्या दाराकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, तेव्हा कुठे मला भाकर गिळता आली.

मग जव्हारला कार्यक्रम झाला. पडद्यावर ती नांगर धरून चालत होती आणि मागून आवाज सांगत होता, "या तरुणानं रूढी झुगारून बायकोच्या हाती नांगर दिला." ती जे बोलली होती ते कापलेलं होतं. टाळ्या झाल्या. मला वर बोलावून शाल घातली, माईक दिला, दोन शब्द बोला म्हणाले. मी "धन्यवाद" म्हणालो. परत येताना जीपच्या दाटीत ती म्हणाली, "मी सही केली, तू नको म्हणत होतास, येवढा सांगता नाय आला तुला?" मी म्हटलं, माईक लगेच काढून घेतला.

बाबा, कोणी काढून घेतला नव्हता. मीच खाली उतरताना तो ताईंच्या हातात दिला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा कागद घडी करून वर वाशाला खोचून ठेवणार आहे, तिचा हात पोचणार नाही इतका वर. तिला वाचता येतं.