उजव्या पायाचा गियर

मांजर्ली, बदलापूर (प.)
९ एप्रिल

ती. मामांना मनालीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळे धड आहेत. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाचं ऐकता, म्हणून लिहिते. आठवीनंतर एवढं मोठं आजच लिहितेय, तर चुका काढत बसू नका. हे रोज कॅम्प दोनला तुमच्या गॅरेजवरूनच कामाला जातात, त्यांच्या हातात पाकीट दिलंय. फेविक्विक लावून बंद केलंय. ह्यांनी वाचलं तर म्हणतील, मामांना कशाला टेन्शन देतेस.

जिज्ञासा आता रांगते. जे दिसेल ते तोंडात. सासऱ्यांना लकव्याचा अटॅक येऊन चार महिने झाले. बाबांची जीभ काही वळत नाही, नुसतं अं अं करतात. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. काठी घेऊन भिंतीला धरून संडासपर्यंत जातात, पण उजवा पंजा लटकतो, चप्पल फरफटत येते. व्यायाम शिकवायला मॅडम येतात, त्या म्हणाल्या की पायात जीव आहे, पंजा वर उचलायची सवय लागली पाहिजे. पण बाबा मनावरच घेत नाहीत. मागच्या महिन्यात जिन्याच्या पहिल्या पायरीला पंजा अडकला आणि पडले. तेव्हापासून जिन्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि मामा, मला त्या जिन्याचंच भ्या आहे. तुम्हाला आमचं घर माहीत आहे, तळमजला, नदी पाठीमागे. गेल्या जुलैत पाणी आलं तेव्हा मला आठवा महिना होता. बाबांनी मला सोनियाताईंच्या घरी वर बसवलं आणि स्वतः सिलेंडर, टीव्ही, पिठाचा डबा सगळं वाहून नेलं, वर मलाच चिडवलं की सून म्हणजे सगळ्यात जड सामान. अकरा पायऱ्या आहेत. ह्या वर्षी त्यांना कोण नेणार? हे कामावर असणार. सोनियाताई एकट्या, त्यांचे गुडघे गेलेले. माझ्या एका हातात पोर. मी बाबांना उचलू शकत नाही, मी एकदा उचलून बघितलं. एप्रिलमध्येच मी आभाळ बघत बसते, सांगा आता.

बरं, खरं कारण वेगळंच आहे. पलंगाखाली झाडताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. आत एक मोटरसायकल! माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडी मोठी. दोन चाकं आहेत, त्यांना केसासारख्या तारा लावल्यात, मी मोजल्या तर एका चाकाला छत्तीस. इंजिनाला पातळ पातळ पापुद्रे आहेत, पापडाची चळत असते तसे. बाकी गाडी अर्धीच. डब्यात रिफिलचे तुकडे, टाचण्या, प्लास्टिकच्या पट्ट्या, वायर. अटॅकच्या आधी दुपारी दार लावून बाबा हेच करत असणार. आम्हाला वाटायचं झोपलेत.

मी ती हातात धरली तर बाबा बघत राहिले. चार महिन्यांत त्यांनी असं कशाकडे बघितलं नाही. म्हणून डोक्यात आलं की ही मी पुरी केली तर? त्यांचं मन लागेल, मन लागलं की पायपण उचलतील. तुम्ही जन्मभर मिलिटरीच्या लिलावातल्या गाड्या खोलल्या. मला सांगा, काय कुठे लागतं?

कळावं. तुमचा लोभ आहेच, तो जुलैपर्यंत जरा जास्त असू द्या.

तुमची भाची,
मनाली


कॅम्प २, उल्हासनगर
१२ एप्रिल

चि. मनू हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट उघडायला पान्हा घ्यावा लागला. एवढं फेविक्विक गाडीला लावशील तर इंजिनाचा मुरंबा होईल. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्यायचा, तोही अर्धा.

तुझे सासरे फौजेत डीआर होते, डिस्पॅच रायडर, हे तुला ठाऊक आहे का? जिथे फोन नाही तिथे कागद पोचवायचा. चामड्याची बॅग, गाडी आणि माणूस, बस. लग्नात माझ्या शेजारी जेवायला बसले होते. म्हणाले की सोळा वर्षांत एक कागद भिजू दिला नाही. पाच जिलब्या खाल्ल्या त्यांनी, तेही लक्षात आहे.

आता ऐक. हेडलाइटला अर्धं झाकण हवं, वरून टोपी घातल्यासारखं, म्हणजे उजेड आभाळात जात नाही. मागे दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या थैल्या. नंबर प्लेटवर आकड्यांच्या आधी वर तोंड केलेला बाण, तो विसरलीस तर ती दूधवाल्याची गाडी. रंग शेवाळी, चकाकी अजिबात नको. बाजूच्या रंगवाल्या साईंच्या दुकानातून बाटली घेतली, चिमटाही पाठवतो. त्याला सांगितलं भाची मिलिटरीची गाडी बनवते, तर विचारतो ॲव्हरेज किती देते.

सगळे सुटे भाग मसाल्याच्या डब्यात ठेव आणि झाकण लाव. पोरीला इंजिन खायला घालू नकोस.

पाण्याचं भय मलाही वाटतं. पण मनू, भिऊन हात थांबतात, आणि काम केलं की भय थोडं बाजूला सरकून बसतं, मी बघितलंय. लोभ ठेवतोय, पावती देत जा.

तुझा मामा,
बाळाजी


मांजर्ली
२ मे

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचा चिमटा लय भारी. गाडी पुरी झाली होती. होती म्हणतेय, पुढे वाचा.

जिज्ञासा झोपली की मी बसायचे. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून हेडलाइटच्या आत लावली, खरा लाइट वाटतो. डाकेची बॅग माझ्या तुटलेल्या सँडलच्या पट्ट्याची. थैल्या ह्यांच्या कारखान्यातल्या जीन्सच्या चिंधीच्या, चहाच्या पाण्यात बुडवून मळवल्या. मला एवढं बारीक कधी दिसायचंच नाही, आता गल्लीत उभ्या गाड्यांकडे टक लावून बघते तर लोक मला चोर समजतात. बाबांना रंग दाखवला तर त्यांनी डावा हात मान हलवल्यासारखा हलवला, म्हणजे अजून काळा. मी काळा टाकला. मग हात खाली ठेवला, म्हणजे पास. मामा, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खुशीने.

एक दिवस सीटखालची स्प्रिंग हरवली. जिज्ञासाच्या तोंडात बोट घातलं, तिला उलटी केली, सोनियाताईंना बोलावलं, त्या म्हणाल्या केळं चारा आणि वाट बघा. दोन दिवस मी काय काय तपासलं ते पत्रात लिहायचं नसतं. शेवटी स्प्रिंग माझ्याच वेणीत सापडली.

शेवटी पायाकडचं काम राहिलं, गियर आणि ब्रेक. ते कसं असतं म्हणून ह्यांची गाडी दारात उभी असते तिच्यापुढे पाट घेऊन बसले आणि बघून बघून तसंच केलं. डावीकडे गियर, उजवीकडे ब्रेक. टाचणी वाकवून. एवढं सुंदर झालं की मी स्वतःलाच शाबास म्हटलं.

परवा बाबांच्या हातात दिली. त्यांनी एक बाजू बघितली. फिरवून दुसरी बघितली. आणि ढकलून दिली, मामा! खाली पडून आरसा तुटला. तोंड भिंतीकडे केलं, दोन दिवस नीट जेवले नाहीत. व्यायामाच्या मॅडमना हात लावू देत नाहीत. हे चिडले. म्हणाले की फौजेतल्या माणसाला खेळणं देऊन चिडवतेस काय, आणि पावसाळाभर बाबांना खरवईकडे एका आश्रमात ठेवू, मी बोलून आलोय. बाबांना ऐकू सगळं येतं. मी खाली बघत बसले. कारण खरं सांगू, एक मिनिट मलापण वाटलं की बरं होईल, जिन्याचं भ्या जाईल. मग त्या जड सामानाची गोष्ट आठवली आणि लाज वाटली.

मी काय चुकले? दोन्ही बाजूंची चित्रं काढून पाठवतेय. चित्राला हसू नका, गाडीला बघा.

लोभ कमी केला असेल तर परत वाढवा.

मनाली


कॅम्प २
५ मे

चि. मनू हिस अ. उ. आ.

चित्राला हसलो नाही. चूक बघून मात्र इतका हसलो की साईं पाणी घेऊन धावत आला.

अगं वेडे, तू हितेशरावांच्या गाडीची नक्कल केलीस! त्या जमान्याच्या गाडीला गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. किकसुद्धा उजवीकडेच. माझ्याकडे नव्या पोरांनी जुनी गाडी चालवायला घेतली की पहिल्या वळणावर ब्रेक समजून गियर दाबतात आणि भिंतीत जातात. सोळा वर्षं जीव पायावर ठेवून गाडी चालवलेल्या माणसाच्या हातात तू उलट्या पायाची गाडी दिलीस. त्यांना वाटलं असेल, सुनेने मारायची सोय केली.

ब्लेडचं टोक घालून हळू सोडव, ओढू नकोस. उजवीकडे गियर लाव. नीट समजून घे, समजल्याशिवाय हात चालत नाही. पंजा वर उचलला की पहिला. मग खाली दाबला की दुसरा, अजून खाली तिसरा, चौथा. आणि टाचेजवळ एक छोटी दांडी वेगळी असते, ती दाबली की गाडी सरळ न्यूट्रल. सिग्नलला थांबलं की टाच मारायची आणि श्वास घ्यायचा. ती दांडी स्टेपलरच्या पिनेची कर.

जावयाला सांग, आश्रमाचं जूनपर्यंत थांब. मामाने सांगितलंय म्हणून सांग. आणि बाबा काय करतात ते मला लगेच कळव, मला आता दुकानात चैन पडत नाहीये.

लोभाची टाकी फुल आहे.

बाळाजीमामा


मांजर्ली
११ मे

ती. मामांना सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

गाडी दुरुस्त केली. काल दुपारी बाबांच्या पलंगावर उजवी बाजू त्यांच्याकडे करून ठेवली आणि मी भाजी निवडायला बसले, बघत नाही असं दाखवत. जिज्ञासा त्यांच्या पायाशी खेळत होती. बाबांनी डाव्या हाताने गाडी उचलली, डोळ्याजवळ नेली. नखाने गियर चाचपला, मग ती पिनेची दांडी. खूप वेळ. आणि एकदम जिज्ञासा खिदळायला लागली, चादर पकडायला झेप घ्यायला लागली. मला वाटलं उंदीर. चादर उचलली तर बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता! वर, खाली. वर, खाली. त्यांचं लक्ष गाडीत, पाय आपला आपणच चालला होता.

मी भाजी टाकून उठले आणि न विचार करता ओरडले, बाबा, पहिला. पंजा वर आला. थोडासा, पण आला. म्हटलं दुसरा, तर खाली गेला.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी मलाच परत परत विचारलं की पहिला म्हणजे कुठे. आता त्याच बाबांना गियर सांगतात, आणि चुकीचा सांगितला की बाबा त्यांच्याकडे रागाने बघतात. मी पलंगाच्या दांड्याला लाटणं बांधलंय, त्याखाली पंजा घालून सराव. चपात्या वाटीने लाटते.

जिना मात्र अजून दोनच पायऱ्या. तिसऱ्या पायरीला घाम फुटतो, बसतात. अकरा मधून दोन गेल्या तर किती, मला मोजायचं नाही. ह्यांनी आश्रमाला फोन करून नकार कळवला नाही, पण होकारपण दिला नाही.

गाडी देवाजवळ ठेवलीय. देवांना जागा कमी झाली.

मनाली


मांजर्ली, सोनियाताईंचं घर, वरचा मजला
२० जुलै

ती. मामांना सा. न. वि. वि.

आम्ही तिघं वर आहोत. हे पहिलं लिहिते, मग बाकीचं.

काल दुपारी तीनला पाणी मागच्या मोरीतून वर आलं. ह्यांचा फोन लागला, म्हणाले कॅम्प दोनमध्येच अडकलोय, गाड्या बंद. तुमच्याच गॅरेजात थांबलेत म्हणे, म्हणजे हे तुम्हाला माहीत आहे, पण इथलं माहीत नाही.

मी जिज्ञासाला साडीने पाठीवर बांधलं. बाबांच्या खिशात गोळ्या घातल्या. त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. मला वाटलं देव. देव दिले तर नको म्हणून मान हलवली. मग गाडी दिली, ती त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात घातली. देव मी माझ्या ओच्यात घेतले.

डावा हात कठड्याला, उजवीकडे मी. डावा पाय वर, मग मी म्हणायचं पहिला, पंजा उचलला की पायरीवर, मग दुसरा म्हणजे दाबून उभं. चार पायऱ्या, पाच, सहा. खाली माझा पाट तरंगताना दिसला. सातव्या पायरीवर बाबा थांबले. मी म्हटलं पहिला. काही नाही. परत म्हटलं. मग ओरडायलाच लागले, पहिला पहिला, बाबा पाणी येतंय, पहिला! पाठीवर पोर रडायला लागली. वरून सोनियाताई त्यांच्या देवाला हाका मारतायत. मला वाटलं झालं, इथेच.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, नवीन भरती झालेल्या पोराकडे साहेब बघतो ना, तसं. उजवी टाच पायरीवर दाबली. आणि बोलले, मामा. सात महिन्यांनी, तुटक, पण एकदम साफ बोलले. म्हणाले, न्यूट्रल.

मी गप्प झाले. जिज्ञासापण गप्प झाली. आम्ही तिघं सातव्या पायरीवर उभे राहिलो आणि श्वास घेतला. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं, तरी उभे राहिलो. मग मी काही न सांगता त्यांचा पंजा वर उचलला गेला. उरलेल्या चार पायऱ्या त्यांनीच चालवल्या, मी नुसती मागे बसल्यासारखी.

आता पाणी उतरायला लागलंय. ह्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की बाबांना भूक लागलीय का. आश्रमाचं नाव नाही.

गाडीचा पुढचा मडगार्ड वाकलाय, तुमचा चिमटा खाली पाण्यात आहे, मिळाला तर मिळाला. हे पत्र तुमच्याकडे कसं पोचणार म्हणून मी विचार करत होते, तर बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं, चार घड्या घातल्या, आणि गाडीच्या त्या सँडलच्या बॅगेत कोंबायला लागले. बॅग माझ्या नखाएवढी. मी हसले, तेपण हसले, एका बाजूने.

रस्ता सुरू झाला की पाठवते. कागद कोरडा आहे, हात लावून बघा. डाक उशिरा पोचली तर रागावू नका, रायडर जरा न्यूट्रलला थांबलाय. लोभ तेवढा चालू ठेवा.

तुमची,
मनाली