शेजारणीचं दुखणं

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळं ठीक. शाळेचे चाळीस गणवेश शिवून द्यायचेत, त्यात सासूबाईंचं पथ्यपाणी. मान वर करायला फुरसत नाही. तुझं छापखान्यातलं मुद्रितं तपासणं कसं चाललंय? की हल्ली नवऱ्याच्या बोलण्यातल्याच चुका काढतेस?

एक विचारायचं होतं. बाजूच्या खोलीत शेजारीण आलीय. रोज दुपारी माझ्या मशीनपाशी येऊन बसते. तिच्या काखेखाली लिंबाएवढी गाठ आहे, दुखत नाही म्हणते. ब्लाउज डावीकडून सैल करून मागते. बाईमाणसानं असलं कुणाला दाखवायचं, म्हणून गप्प आहे बिचारी. तुझ्या ओळखीत कुणी डॉक्टरीण आहे का?

लोभ ठेव, उत्तर मात्र ठेवून देऊ नकोस.

तुझी ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ताई, चुका शोधण्यात जन्म गेला माझा. ‘तिच्या काखेखाली’च्या आधी तू ‘माझ्या’ लिहून खोडलंयस. आपली आईसुद्धा अशीच शेजारणीचं दुखणं सांगायची, आणि आपण त्या शेजारणीसाठी हळहळायचो. आई गेली तेव्हा कळलं, शेजारी कुणी राहतच नव्हतं. तुझ्या बाजूची खोलीही सहा वर्षं बंद आहे.

सोबत डॉक्टरीणबाईंचा पत्ता आहे. गणवेश गेले खड्ड्यात. गेली नाहीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी. लोभ आहे म्हणूनच हा राग.

तुझीच धाकटी

दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझा शब्द मोडवेना, गेले. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी नाव विचारलं तर जीभ रेटेना. शेजारणीसाठी आलेय म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं मलाच. मग शांतपणे म्हणाल्या, गाठ काढता येईल, पण शेजारणीला सोमवारी भरती व्हायलाच सांगा, आणखी उशीर झाला तर हाताबाहेर जाईल.

घरी आले ती थेट त्या खोलीपाशी. कडीला गंजकं कुलूप. माझ्या वेडेपणाचं मलाच हसू आलं, तरी दार वाजवून निरोप सांगितला. आतून माझ्याच आवाजात उत्तर आलं, की घरचं एवढं आटपलं की जाईन.

धाकटे, मला फार भीती वाटतेय. सोमवारच्या आत ये. मी कुठल्या दारातून ओ देईन ठाऊक नाही, दोन्ही वाजव.

तुझी ताई